विणकर गल्लीचे अकरा मीटर

८ जानेवारी, सोमवार

लेकीने नाताळात दिलेली ही वही मी किराणाच्या यादीला लावणार होते. पण आज शेजारच्या हिल्डाच्या स्वयंपाकघरात जे ठरलं ते कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर उद्या गल्लीतला प्रत्येक जण म्हणेल, कल्पना माझीच होती.

प्रांताच्या कचेरीचं पत्रक आमच्या आल्स्ट गावात सगळ्यांकडे आलंय. ज्यांना वीज-कंपनी बदलायची आहे त्यांनी ६ फेब्रुवारीपर्यंत नगरपालिकेच्या खिडकीवर अर्ज द्यायचा. मग हजारो घरांचा एकच गठ्ठा करून तो कंपन्यांपुढे ठेवणार आणि जी सगळ्यात कमी दर सांगेल तिला तो मिळणार. लिलावच, पण उलटा. दर नाही पटला तर आपली जुनी कंपनी आहेच, बांधिलकी काही नाही. हिल्डा म्हणाली, "एकटीने फोन केला तर कंपनी अर्धा तास बासरी ऐकवते. अख्खी गल्ली गेली तर निदान कुणीतरी बोलेल." बिचारी बिलाच्या भीतीने दोन हिवाळे हीटर न लावता कोट घालूनच टीव्ही बघतेय. अकरा घरं, अकराही तयार झाली. विणकर गल्लीत एवढं एकमत कचऱ्याच्या डब्यांवरून कधी झालं नव्हतं.

अर्जात विचारलंय, वर्षाला किती युनिट जाळता. चौदा नंबरची फौझिया म्हणाली, "बिलावर असतो ना आकडा."

माझा नवरा ओमेर कोपऱ्यात बसून व्लाय केकचा तुकडा खात होता. त्याने चमचा खाली ठेवला. "बिलावर अंदाज असतो. खरं काय ते मीटरवर असतं."

छत्तीस वर्षं वीज-ऑफिसात मीटर-रीडर होता तो. या गावातलं एक तळघर त्याने सोडलं नाही. निवृत्त झाल्यावरसुद्धा दर नव्या वर्षात आमच्या गल्लीचे आकडे काळ्या वहीत टिपून ठेवतो, आपल्या हौसेने. म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा आहेच, या वर्षीचा घ्यायचा आणि वजाबाकी करायची. हिल्डा म्हणाली, "मग तुझ्याशिवाय कोण करणार ओमेर, तूच कर बाबा." तो एवढा खुलला की दुसरा तुकडा मागितला. डॉक्टरांनी गोड बंद केलंय त्याची मी आठवण करून दिली नाही.

१३ जानेवारी, शनिवार

पहिली फेरी झाली. पाय मोडले माझे.

सकाळी आठला साहेब तयार. ऑफिसची जुनी टोपी, टॉर्च, कानावर पेन्सिल. मी म्हटलं, "कार्निव्हलच्या सोंगाला अजून महिना आहे." तर म्हणतो, "टोपीशिवाय तळघरात कोण सोडेल मला?"

त्याची पद्धत अशी: तो एकटाच खाली उतरतो, खालीच अर्जावर आकडे लिहितो, खालीच पाकीट बंद करतो. कुणाच्या घरात किती वीज जळते हे पाद्रीबाबांपुढच्या कबुलीसारखं असतं म्हणे. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, पण कुणाचा आकडा त्याने मला कधी सांगितला नाही, आमचा स्वतःचासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच त्याचं म्हणणं. माझं काम वर बसायचं, कॉफी प्यायची आणि पाकिटावर घर नंबर घालायचा. दहा घरांत दहा कॉफ्या झाल्या.

फौझिया वृद्धाश्रमात नर्स आहे, हुशार आहे. ती म्हणाली, "ओमेरकाका, मला पण शिकवा ना वाचायला." तो तिला खाली घेऊन गेला आणि त्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. "हे बघ, काळ्या खिडक्यांतले आकडे वाचायचे. शेवटची लाल खिडकी सोडायची. लाल म्हणजे चिल्लर, ती कुणी मोजत नाही. नवीन पोरं लाल पण लिहून आणायची, मग साहेबांच्या शिव्या खायची." सत्त्याहत्तराव्या वर्षी इतकं चोख शिकवतो. मला अभिमान वाटला, आणि तो का लपवू.

हो, तिला तो दोनदा जॉर्जेट म्हणाला. त्या घरात आधी जॉर्जेट राहायची ना, तीस वर्षं. सवय जात नाही. मी नाही का अजून त्या औषधवाल्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत.

हिल्डाच्या तळघरात मात्र फारच वेळ लावला. हिल्डा दोनदा जिन्यापाशी जाऊन आली. तिसऱ्यांदा खाली गेली आणि त्याला हाताला धरून वर घेऊन आली. "अंधार फार आहे गं तुझ्या तळघरात," तो म्हणाला. हिल्डाने त्याला खुर्चीत बसवलं आणि न विचारता कॉफी ओतली.

१५ जानेवारी, सोमवार

दूध उतू गेलं आणि भांडं जळून काळं झालं. गॅस ओमेरने लावला होता की मी? मीच असणार. ही वही लिहीत बसले होते.

१७ जानेवारी, बुधवार

अकरा पाकिटं नगरपालिकेच्या खिडकीवर दिली. खिडकीवरची पोरगी म्हणाली, "अगं बाई, अख्खी गल्ली?" मी म्हटलं, "आमच्याकडे खात्याचा माणूस आहे." ऐटीत घरी आले.

संध्याकाळी हिल्डा आली, ओमेर बागेत होता. म्हणाली, "ओमेरची झोप वगैरे नीट आहे ना?" म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरी." "तसं नाही गं, तो जरा…" "तो जरा काय?" मग म्हणाली काही नाही, आणि आमच्या पडद्यांबद्दल बोलत बसली. काही माणसांना दुसऱ्याच्या घरात आजारपण दिसायला हवंच असतं. तिचा नवरा गेल्यापासून ती अशी झालीय.

२५ जानेवारी, गुरुवार

नगरपालिकेतून फोन आला, तीच पोरगी. फार अदबीने विचारते, "मॅडम, विणकर गल्लीत बेकरी आहे का?"

म्हटलं, "बेकरी पुढच्या चौकात आहे, आणि तिचा पाव खाऊ नकोस."

"नाही, म्हणजे पावाचा मोठा कारखाना वगैरे?"

मला हसू आलं. मग ती म्हणाली, की अकरापैकी नऊ अर्जांवर जेवढी वीज लिहिलीय तेवढी कारखान्यांना लागते. ही योजना घरांसाठी आहे, म्हणून सगळ्या गल्लीचे अर्ज परत. ६ तारखेपर्यंत पुन्हा भरून दिले तर चालतील. "आकडे सांगू का तुम्हाला?" म्हणाली. मी ताडकन म्हटलं, "नको. ते गुपित असतं. आणि माझा नवरा छत्तीस वर्षं मीटर वाचत होता, चूक तुमच्या मशीनची असेल."

"असेलही मॅडम," ती म्हणाली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी, शुक्रवार

पाकिटं आणायला गेले. ओमेरला सांगितलं, मासळी आणायला जातेय.

दुसऱ्याची फोडायचा प्रश्नच नव्हता. आमचं फोडलं. नगरपालिकेच्या बाहेर बाकावर बसून, थंडीत.

गेल्या वर्षीचा आकडा: ४८,२१७. या वर्षीचा: ५,१०,३४६. सहा आकडे. वर पाच आणि खाली सहा. मी मीटर कधी वाचला नाही, पण मीटरवाल्याची बायको आहे. मला कळायला वेळ लागला नाही की त्याने लाल खिडकीतला आकडा पण लिहिलाय. खाली त्याने वजाबाकी केली होती: चार लाख बासष्ट हजार एकशे एकोणतीस. मी पाकिटाच्या मागे पुन्हा करून बघितली. एका आकड्याचीही चूक नाही. त्याचं अक्षर पण तेच, सुबक, टपोरं, सातच्या पोटात रेघ असलेलं.

एकदा चूक झाली असती तर मी म्हटलं असतं टॉर्च मिणमिणता होता. नऊ घरांत नाही होत.

आणि मग एकामागून एक सगळं समोर यायला लागलं. दूध मी नव्हतं लावलं. तेव्हा मी वही लिहीत नव्हते, वरच्या मजल्यावर चादरी बदलत होते. सप्टेंबरात तो आधीच भरलेल्या बिलाचे पैसे परत भरायला गेला होता. लेकीला फोनवर विचारलं होतं, "तू कुठल्या गावाहून बोलतेयस?" आणि दोन्ही वेळा मी ते हसण्यावारी नेलं होतं. डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते मी. हिल्डाला टोचून बोलले ते वेगळंच.

पूर्वी इथे कांदा पिकायचा म्हणून पूर्ण देश आम्हा आल्स्टच्या लोकांना कांदे म्हणतो. या कांद्याला आज बाकावर बसून चांगलं रडू आलं. एक बाई थांबून म्हणाली, "काय झालं मावशी?" म्हटलं, "मासळी संपली." मला फार भीती वाटतेय. एवढंच लिहायचंय आज.

२७ जानेवारी, शनिवार

ओमेर दुपारी झोपला तेव्हा हिल्डाकडे गेले. फौझियाला पण बोलावलं. पाकिटं टेबलावर ठेवली आणि फोनवरचं सगळं सांगितलं. हिल्डाने आपलं फोडलं, बघितलं आणि म्हणाली, "मी एकटी बाई अन् पावाचा कारखाना." मग हसता हसता डोळे पुसायला लागली.

त्यांना माहीत होतं, दोघींनाही. हिल्डा म्हणाली, "त्या दिवशी तो खाली मीटरपुढे नुसता उभा होता गं. मी गेले तर म्हणाला, इथे मला कशाला बोलावलंय?" फौझिया म्हणाली, "काकू, तुम्हाला कसं सांगायचं हे दोन महिने ठरवतेय मी."

मी आधी चिडले. म्हटलं, गल्लीला कळतं आणि बायकोला नाही. हिल्डा म्हणाली, "बायकोलाच सगळ्यात शेवटी कळतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी मला पण शेवटीच कळलं होतं."

मग फौझिया म्हणाली, आकडे तर सगळ्यांच्या बिलांवर आहेत, पाच मिनिटांचं काम आहे, आपणच भरून टाकू. खरं होतं तिचं. पण मी नाही म्हटलं. नव्या कंपनीचं पत्र येईल, ओमेर बघेल, हा आकडा आपण लिहिलेला नाही हे तो लगेच ओळखेल. आणि मग त्याला कळेल. वीज कुणाची येते याच्याशी मला आता देणंघेणं नाही. मला एवढंच हवंय, की छत्तीस वर्षं जे काम त्याने मान ताठ ठेवून केलं ते त्याच्या हातून गेलंय हे त्याला कळू नये. निदान या हिवाळ्यात तरी नको.

मग फौझियाच म्हणाली, "काकू, लाल खिडकी दिसलीच नाही तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्यावर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली तर."

२९ जानेवारी, सोमवार

हिल्डा घरोघर जाऊन आली. सगळे हो म्हणाले. तीन नंबरचा तो तुसडा माणूस, ज्याने सात वर्षांत कुणाला गुड मॉर्निंग म्हटलं नाही, तो म्हणाला, "पट्टी माझ्याकडे आहे, तुम्ही आणू नका."

३ फेब्रुवारी, शनिवार

ओमेरला सांगितलं, कचेरीने अर्ज बदलले, सगळे आकडे परत घ्यायचे. खूश झाला. "ऑफिसला कधी एका फटक्यात काही जमलंय?" पुन्हा टोपी, टॉर्च, पेन्सिल.

पहिलं घर हिल्डाचं. मी वर आणि हिल्डा जिन्याच्या पहिल्या पायरीवर.

खालून आवाज आला, "हिल्डा, मीटरवर हे काय चिकटवलंय?"

"काच तडकलीय रे तिथे. धूळ जाते."

"धूळ जाऊन वीज काय शिंकणार आहे? मीटरवर काही चिकटवायचं नसतं. खात्याची वस्तू आहे ती."

"राहू दे ना ओमेर. मला सर्दीची भीती आहे."

मग पेन्सिलीचा आवाज यायला लागला. हिल्डाने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

पुढच्या घरी त्याने पट्टीबद्दल विचारलं नाही, त्याच्या पुढच्या घरीही नाही. प्रत्येक घरात माणसं जिन्यापाशी उभी, जणू आत बाळंतपण चाललंय. तीन नंबरवाल्याने तर ओमेरला खाली जाताना हात दिला आणि वर आल्यावर टोपी नीट करून दिली. जेवायच्या वेळेपर्यंत दहा पाकिटं झाली. घरी येताना ओमेर माझ्या मागे मागेच चालला. दमला असेल.

आमचा मीटर राहिलाय. पट्टी माझ्या एप्रनच्या खिशात आहे. सकाळी ती घेऊन खाली गेले होते, मीटरपुढे उभी राहिले आणि तशीच वर आले.

४ फेब्रुवारी, रविवार

जमेल तसं, जसं झालं तसं लिहिते.

चर्चहून आलो. मी बटाटे सोलत होते. तो समोर बसला आणि दुसरी सुरी घेतली.

म्हणाला, "रोझेट, दहा घरं, दहा पट्ट्या."

मी खाली मान घालून सोलत राहिले.

"हिल्डाच्या घरी मला खरंच वाटलं काच तडकलीय. दुसरीकडे म्हटलं योगायोग. फौझियाच्या पट्टीवर तर लहान मुलांचा डायनासोर होता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? सगळे इतके मन लावून उभे होते." मग हातातला बटाटा फिरवत, "किती चुकलो होतो मी?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "नगरपालिकेने विचारलं, गल्लीत पावाचा कारखाना आहे का."

तो हसला. आधी हळू, मग पोट धरून, आणि मला पण हसू आलं. दोघं म्हातारे बटाट्यांपुढे बसून खिदळतोय. मग तो थांबला आणि म्हणाला, "आपल्या मीटरवर पट्टी नाही."

"मला नाही जमलं."

"बरं केलंस." त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मला उन्हाळ्यापासून कळतंय गं. आकडे दिसतात, पण त्यांचं काय करायचं ते मधेच जातं. वाटलं तुला कळायच्या आत बरं होईल. तुला घाबरवायचं नव्हतं."

एवढे महिने तो माझ्यापासून लपवत होता आणि आठवडाभर मी त्याच्यापासून. एका घरात, एका टेबलावर.

मी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्याला जवळ घेतलं. बटाट्यांचे हात त्याच्या चांगल्या कोटाला पुसले गेले. तो म्हणाला, "उद्या डॉक्टरांना फोन कर. मी विसरेन. तू विसरू नकोस."

दुपारी आम्ही दोघं तळघरात गेलो. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा मी वाचलं आणि त्याने लिहिलं. दोन हजार आठशे काहीतरी युनिट निघाले. तो म्हणाला, "दोन माणसांना हे जास्त आहे. तू इस्त्री फार करतेस."

५ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. कार्निव्हलच्या दिवसांत दवाखाना बंद, त्यामुळे १५ तारीख, सकाळी साडेदहा. फोनवर बोलत होते तेवढा वेळ तो शेजारी उभा होता.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी, अकरा पाकिटं दिली. या वेळी ओमेर बरोबर होता. त्या पोरीने त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाली, "तुमच्या गल्लीचं अक्षर सगळ्यात सुंदर आहे." ती पोरगी चांगली आहे. मागच्या वेळी मी उगाच फटकारलं तिला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

लिलाव झाला. दर आत्ताच्यापेक्षा बराच खाली आलाय, घरोघर पत्रं महिनाअखेरीला येतील. हिल्डाने पत्राची वाट न बघता दुसऱ्या खोलीतला हीटर लावला. तिच्या खिडकीची काच आतून धुरकट झालेली रस्त्यावरून दिसत होती.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासण्या लिहून दिल्या आहेत. पुढच्या महिन्यात गेंटला मोठ्या इस्पितळात जायचंय. लेकीला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली गाडी घेऊन येते.

डॉक्टरांनी स्वतः फार काही सांगितलं नाही. पण आत जाण्याआधीचं लिहायला हवं. टेबलामागची बाई कार्ड भरत होती. तिने ओमेरला नाव विचारलं, त्याने नीट सांगितलं. पत्ता विचारला, विणकर गल्ली, नऊ. मग म्हणाली, "जन्मतारीख?"

तो थांबला. खिडकीकडे बघितलं, टोपी हातात फिरवली. मी सांगणार होते, पण त्यालाच सांगू दिलं. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तो स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "एकोणीस मे, एकोणीसशे एकोणपन्नास."

ती बाई लिहायला लागली, मग तिने समोरचा कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं. ती तारीख त्याची नव्हती, माझी होती.

मी म्हटलं, "त्यांची मी सांगते." आणि त्याचा हात धरून बसले, आमचा नंबर लागेपर्यंत.